बंदुकीला भरवलेली सुपारी

आमच्या घरात बंदूक आहे हे मी माहेरी बरेच दिवस सांगितलंच नव्हतं. आई म्हणाली असती, जावई नोकरीला गेलाय का दरोडे घालायला. आमचे हे इंग्लंडात लीड्सला हॉस्पिटलात नर्स आहेत, त्यांच्या वॉर्डात एक म्हातारा पोर्टर आहे, पेशंटच्या खाटा ढकलतो, त्याने यांना हा नाद लावला. म्हणजे शनिवार-रविवारी कुठल्यातरी जुन्या गढीच्या माळावर तंबू ठोकायचे, जुन्या काळचे कपडे घालायचे, आणि इथल्या राजाची नि पार्लमेंटची जी लढाई झाली होती ती परत लढून दाखवायची. पब्लिक पोरांना घेऊन बघायला येतं. यांना लहानपणापासून किल्ल्यांचं वेड, हे लगेच अडकले.

मलाही एक लांब झगा नि पांढरी टोपी दिली आणि तंबूपुढच्या चुलीवर बसवलं, कांदे चिरायचे, रोट भाजायचे, लोक येऊन फोटो काढणार. मी यांना म्हटलं, गावच्या चुलीतून सुटले म्हणून विमानात बसले, तर इथे परत चूलच. हे हसले. पण मी येत राहिले, कारण घरी एकटीला मुलीला घेऊन बसण्यापेक्षा ते बरं होतं, आणि तिथे कोणी मला इंग्लिशमध्ये जास्त काही विचारत नव्हतं. माझी नववी झालीय. समजतं बरंच, तोंडातून निघत नाही.

बंदूक म्हणजे तोड्याची, पेटत्या दोरीने उडणारी, माझ्या खांद्याएवढी उंच. तिच्यात गोळी घालत नाहीत. दारू असते फक्त, वर कागदाचा बोळासुद्धा कोंबायचा नाही, कारण नळीत जे काही जाईल ते बाहेर गोळी होऊन निघतं, मग तो कागद का असेना. हे मला यांनीच शिकवलं होतं, दर वेळी गाडीत शिकवायचे. "नुसता आवाज असतो गं," म्हणायचे, "घाबरतेस काय." मी घाबरायचेच. बार झाला की मी मुलीचे कान दाबून धरायचे, ती खुशाल हसायची.

आणि घरी ती बंदूक लोखंडी कपाटात. पोलीस येऊन कपाट बघून गेले होते, भिंतीत बोल्ट मारलेत का ते हलवून बघितलं. किल्ली कुठे असते ते मला माहीत नाही, मला माहीत असायलाच नको असा कायदा आहे, लायसन यांचं, हात यांनीच लावायचा. म्हणून तर आदल्या वर्षी खंडेनवमीला घरी पूजा करता आली नाही. हे ड्यूटीवर नि कपाट बंद.

आमच्याकडे खंडेनवमी चुकवत नाहीत. माझे वडील गवंडी, त्या दिवशी थापी, ओळंबा, पाटी सगळं धुऊन ओळीत मांडायचे, हळदकुंकू, फूल, नि त्या दिवशी कामाला हात नाही, हत्याराला सुट्टी. यंदा सासूबाईंचा आधीच फोन आला, त्यांनी पण विचारलं, "पूजणार ना गं ते त्याचं हत्यार?" मी म्हटलं हो, पूजते. आणि नेमका खंडेनवमीच्याच दिवशी सीझनचा शेवटचा शो आला.

सकाळी सगळ्या बंदुका तपासतात. एक केस पिकलेली बाई आहे, एरवी शाळेची बस चालवते, तिथे ती सेफ्टीची मुख्य. ती प्रत्येकाच्या नळीत लोखंडी गज सोडते, आत काही नसेल तर तळाला आपटून टण्ण वाजतो, काही असलं तर नुसता धप्प. "बंदूक रिकामी आहे असं कोणी सांगितलं तर ऐकायचं नाही," ती नव्या लोकांना सांगते, "बंदुकीलाच विचारायचं." आणि विचारून झालं की सगळे गज स्वतःकडे जमा करते, मैदानात गज नेऊ देत नाही, घाईत कोणी नळीत विसरला तर भाल्यासारखा सुटेल म्हणून. तपासलेली बंदूक मग ज्याची त्याने हातात ठेवायची, खाली ठेवायची नाही, कोणाला द्यायची नाही.

यांची टण्ण वाजली. मी ऐकली.

मग यांना त्या पोर्टरने हाक मारली, दारूचे डबे वाटत होते तिकडे. हे तंबूत आले, माझ्याजवळ बंदूक आडवी ठेवली, म्हणाले, "अगं, दोन मिनिटं लक्ष ठेव, कोणाला हात लावू देऊ नकोस."

मला वाटलं देवानेच वेळ दिली. पिशवीत सगळं आणलेलंच होतं. चटईवर नवा ब्लाउजपीस पसरला, त्यावर बंदूक ठेवली, तोंड गवतात जायला नको म्हणून नळीखाली मुलीची छोटी उशी दिली. ताटलीत विड्याचं पान, पानावर सुपारी म्हणजे गणपती, त्याला आधी कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, साखर दाखवली. बंदुकीच्या लाकडावर कुंकवाचं बोट लावलं, झेंडू ठेवला. उदबत्ती लावली नाही, दारू जवळपास असेल तर लावायची नाही एवढी अक्कल होती मला. मुलगी शेजारी मांडी घालून बसलेली, हात जोडून, तीन वर्षांची, सगळं बघत. मी डोळे मिटून नमस्कार केला. मग उठून मागे पाण्याची बाटली शोधायला वळले.

एवढंच.

तेवढ्यात ढोल वाजला आणि हे पळतच आले. "अगं हे काय मांडलंस," म्हणाले. मी म्हटलं, "आज हत्याराला सुट्टी असते." तर म्हणाले, "सुट्टी उद्या देऊ, आज शेवटचा शो आहे," आणि झेंडू बाजूला ठेवून बंदूक उचलून निघाले. कुंकू तेवढं पुसलं नाही, ते मला बरं वाटलं.

मी ताटली आवरायला घेतली. पान होतं, अक्षता होत्या, साखर होती. सुपारी नव्हती.

पहिलं मनात आलं, पोरीने गिळली. मी तिचं तोंड उघडलं, बोट घातलं, गालात, जिभेखाली, ती रडायला लागली. नाही. चटई झटकली, गवत चाचपलं, तिची मूठ उघडली. नाही. मी तिला हलवून विचारलं, "बाप्पा कुठंय? पानावरचा बाप्पा कुठं टाकलास?"

ती हुंदके देत म्हणाली, "तिला दिला."

"कोणाला?"

"बाबांच्या बंदुकीला. तू बाप्पाला साखर दिली. तिला कोणी खाऊ दिला नाही. तिचं तोंड उघडं होतं."

उशीवर तोंड वर करून ठेवलेली बंदूक, आणि आत उतार. सुपारी घरंगळत खाली गेली असणार, कोणाला कळणार.

मी पोरीला कडेवर घेतलं आणि धावले. झगा पायात येत होता, टोपी पडली, तिथे सगळे तंबू सारखेच दिसतात, दोरखंडात पाय अडकून एकदा गुडघ्यावर पडले, पोर घट्ट धरली होती म्हणून तिला लागलं नाही. माळावर पब्लिक दाटीने उभं, पोरं बापांच्या खांद्यावर, त्यांच्यापुढे दोरी बांधलेली, दोरीपलीकडे मोकळं मैदान आणि मैदानात यांची रांग. दोरी ओलांडायची नाही, कोणीच नाही, काही झालं तरी नाही. लांब भाले घेतलेल्यांची ढकलाढकली संपून गेली होती. आता बंदुकांचं चाललं होतं. मला दिसलं, हे दात लावून कागदाची पुडी फाडत होते, नळीत दारू ओतत होते. सुपारीवर दारू. बंदुकीच्या दोरीचं टोक लाल दिसत होतं.

दोरीपाशी पिवळं जाकीट घातलेला एक म्हातारा उभा होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "काय झालं लव्ह, हरवलंय का कोणी?" इथे सगळे सगळ्यांना लव्ह म्हणतात, भाजीवालासुद्धा, पहिल्यांदा मी दचकले होते. मी तोंड उघडलं आणि इंग्लिश येईना. नट म्हणावं का, गन म्हणावं, आत म्हणजे काय, मुलीने टाकली म्हणजे काय. नुसता श्वास. आणि मनात दुसरंच, की सांगितलं तर पोलीस येणार, बंदूक माझ्याजवळ ठेवलीच कशी म्हणून विचारणार, लायसन जाईल, नोकरी जाईल, व्हिसा जाईल. पोरीला घेऊन आम्ही कुठे जाणार.

तिकडे हुकूम झाला आणि सगळ्यांच्या बंदुका वर झाल्या. पब्लिकच्या डोक्यावरून बाजूला, नेहमी धरतात तशा. पण त्या बाजूला रस्ता होता, झुडपांमागे, उशिरा आलेली एक बाई बाबागाडी ढकलत येत होती.

गाडीत यांनी मला एक शब्द शिकवला होता. तो कोणीही ओरडू शकतं, चुलीवरची बाईसुद्धा, आणि ओरडला की सगळे थांबतात, खरं-खोटं नंतर बघतात. मी ओरडले. "स्टॉप, स्टॉप, स्टॉप." माझा एवढा आवाज आहे हे मलाच माहीत नव्हतं. कडेवर पोर पण माझं बघून ओरडली. पिवळ्या जाकिटवाल्याने मला काहीच विचारलं नाही, दोन्ही हात डोक्यावर उंच करून फुली केली आणि तोही ओरडला, मग पलीकडचा, मग मैदानातली ती सेफ्टीवाली. रांगेतल्या सगळ्यांनी पेटत्या दोऱ्या काढून डाव्या हातात घेतल्या, लांब धरल्या. सगळं गप्प झालं. पाचशे माणसांतून एक खोकत होतं.

मी यांना चारचौघांत कधी मोठ्याने हाक मारलेली नाही. त्या शांततेत मारली. "अहो, नळीत सुपारी आहे. पोरीने टाकलीय."

त्या अख्ख्या माळावर ते एकट्या यांनाच कळलं. यांनी आमच्याकडे मान वळवून बघितलं नाही. नळीचं तोंड आभाळाकडे तसंच ठेवून दोरीचा हात वर केला आणि उभे राहिले.

मग सेफ्टीवाली त्यांच्याकडे चालत गेली, पळाली नाही, काय झालं ते यांच्याकडून ऐकून घेतलं. बाकीच्यांना लांब केलं, यांच्या हातातली दोरी पाण्यात विझवली, नळीत पाणी ओतलं आणि ते दोघं तसेच थांबून राहिले. भोंग्यावर काहीतरी सांगितलं, पब्लिकने टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं शोमधलंच आहे. नंतर तंबूमागे तिने गजाला स्क्रूसारखं टोक लावलं, फिरवत फिरवत आत घातलं, पहिला काळा चिखल निघाला, मग तळाशी धप्प, आणि बऱ्याच वेळाने सुपारी. तिला एक भोक पडलेलं होतं.

तिने ती माझ्या तळहातावर ठेवली. "हे काय आहे?"

हे म्हणाले, "नट आहे एक. पूजेला ठेवतात."

"बाहेर कुठे गेलं असतं?" यांनी तिला विचारलं. ती म्हणाली, "माहीत नाही. नसतंच उडालं कदाचित. नळी फुटली असती कदाचित. मला माहीत नाही आणि तुलाही नाही." मग पोरीकडे वळली, का टाकलीस म्हणून हळूच विचारलं, यांनी पोरीचं उत्तर भाषांतर करून सांगितलं. ती हसली नाही. "बरोबर आहे," म्हणाली, "तोंड दिसलं की भरवणारच." आणि मग यांना जे बोलली ते मला सगळं समजलं नाही, समजायची गरजही नव्हती. यांची मान खाली होती.

पोलिसांना तिने कळवलं, कळवावंच लागतं म्हणाली. ते येईपर्यंत मला जेवण गेलं नाही. बेल वाजली तेव्हा मी पोरीला घेऊन बाथरूममध्ये जाऊन बसले होते. एक तरुण पोलीस आला, कपाट बघितलं, यांना बराच वेळ समज दिली, चहा नको म्हणाला, लायसन राहिलं. पण सेफ्टीवालीने पुढचा अख्खा सीझन यांना मैदानात बंदूक धरू दिली नाही, पाणी वाटायला लावलं. पोर्टर म्हातारा यांना म्हणायचा, "आमचे पूर्वज शिशाच्या गोळ्या घालत होते, तुम्ही ड्रायफ्रूट." हे हसायचे, पण कसनुसं.

घरी येताना गाडीत हे एवढंच म्हणाले होते, "खाली ठेवायला नको होती मी." नुसता आवाज असतो, असं परत कधी म्हणाले नाहीत.

आता हे परत बंदूक घेऊन मैदानात उतरतात. पूजा घरीच होते, कपाट बंद ठेवून कपाटाच्या दाराला कुंकू लावते, सासूबाई म्हणाल्या चालतं. माळावर हे आधी सगळ्यांपुढे गज सोडायला लावतात, टण्ण वाजला की मुलगी लांबून ओरडते, "भूक नाही तिला." लोक हसतात. मी हसत नाही. ती भोक पडलेली सुपारी मी आणते बरोबर. बार सुरू झाले की मुठीत धरते, दुसऱ्या हाताने पोरीला, आणि शेवटी बंदुका परत तपासतात तेव्हा यांची वाजेपर्यंत मूठ उघडत नाही.