दिल्ली गेटवर थांबलेले नाना

माझ्या वडिलांना मी दिल्लीत हरवलं, तेव्हा माझ्या गळ्यात शिट्टी होती.

शिट्टीचं आधी सांगायला हवं. मी सुरतेत, नवागामजवळच्या एका मराठी शाळेत शिक्षक आहे. शाळेची सहल दरवर्षी माझ्याच गळ्यात पडते, आणि आजवर माझ्या हातून एकही मूल मागे राहिलेलं नाही. (एकदा कामरेजहून परतताना एक मूल जास्त निघालं होतं. ते दुसऱ्या शाळेचं होतं. पण जास्त आणणं म्हणजे हरवणं नव्हे.) त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरचे चौघं दिल्ली बघायला निघालो, तेव्हा पुढारीपण कोणाकडे असणार हा प्रश्नच नव्हता. मी सहलीची शिट्टी गळ्यात अडकवली आणि वेळापत्रक केलं. कुठल्या संग्रहालयातल्या कुठल्या दालनाला किती मिनिटं, हेसुद्धा लिहून काढलं.

"त्यात बाथरूमला किती मिनिटं आहेत?" असं माझ्या बायकोनं, सुनंदानं विचारलं. तेवढं राहिलं होतं.

चौघांतले खरे प्रवासी म्हणजे नाना, माझे वडील. धुळ्याकडच्या खेड्यातून अठराव्या वर्षी सुरतेला आले आणि चाळीस वर्षं लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवले. लूमच्या खडखडाटानं त्यांचे कान निम्मे नेले, आणि उरलेल्या निम्म्यांना वाटतं की लूम अजून चालूच आहेत. त्यामुळे नाना बोलतात ते चार लूमच्या पलीकडच्या माणसाशी बोलल्यासारखं. आमच्याकडे आज भाजी कसली आहे, हे अख्ख्या गल्लीला आमच्या आधी कळतं.

गाडीतच मी सगळ्यांना सूचना दिली. "कोणी चुकलं तर इकडेतिकडे फिरायचं नाही. सरळ इंडिया गेटवर यायचं. नाना, कळलं का? गेटवर."

"गेटवर," नानांनी मान हलवली. "समजनं."

मुलांना शिकवताना मी एकेकाकडून वाक्य पुन्हा म्हणवून घेतो. नानांकडून नाही घेतलं. वडिलांना काय म्हणायला लावायचं?

त्यांचा मोबाइलही मी माझ्याच खिशात ठेवला. हरवला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एका मोठ्या संग्रहालयात शिरलो. जुन्या मूर्ती झाल्या (वीस मिनिटं), शस्त्रं झाली (दहा), आणि कापडांच्या दालनात नाना थबकले. दोरीच्या पलीकडे एक जुना हातमाग मांडून ठेवला होता. आदल्या दिवसापासून नाना आमच्यामागे मुकाट्यानं चालत होते. मागापाशी आले आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"ऋतुजा, आठे ये!" नानांनी नातीला हाक मारली. दालनातले सगळेच वळले. "हाऊ धोटा! हाऊ असा जास, तसा येस. मन्ह्या बापनाकडे असाच माग व्हता!"

हाताने धोटा कसा फेकायचा ते दाखवायला ते दोरीवरून वाकले. एका परदेशी बाईंनी फोटो काढायला कॅमेरा उचलला. लांबून सुरक्षारक्षक येताना दिसला. माझ्यातला मास्तर जागा झाला.

"नाना, हळू बोला," मी म्हणालो. "इथे लूम चालू नाहीत. सगळे बघतायत आपल्याकडे."

नाना सरळ झाले. हात मागे घेतला. "बरं," म्हणाले. आणि ते 'बरं' मात्र त्यांनी इतक्या हळू म्हटलं, की मला ओठांवरून ओळखावं लागलं.

सुनंदानं माझ्याकडे जे पाहिलं, ते इथे लिहीत नाही. मी वेळापत्रकात डोकं घातलं आणि सगळ्यांना नाण्यांच्या दालनाकडे हाकललं. तिथे सवयीप्रमाणे मोजले. तीन. पुन्हा मोजले. तीनच. मला वाटलं, मी स्वतःला मोजायला विसरलो. तिसऱ्यांदा मोजल्यावर ऋतुजा म्हणाली, "पप्पा, नाना क्यां छे?" (काळजी वाटली की ही गुजरातीत शिरते.)

मी लगेच नानांना फोन लावला. माझ्याच खिशात अहिराणी गाणं वाजू लागलं.

"उचला," सुनंदा म्हणाली. "बोला दोघं."

कापडांचं दालन पाहिलं, मूर्ती पाहिल्या, पुरुषांची बाथरूमं पाहिली. दारावरचा शिपाई म्हणाला, टोपीवाले एक बाबा मघाशी बाहेर पडले. जोरजोरात काही विचारत होते, पण भाषा कळली नाही. माणूस बहात्तर वर्षांचा, ऐकू कमी येतं, हिंदी सुरतेची, आणि जवळ मोबाइल नाही. आणि जाताना माझा शेवटचा शब्द काय, तर हळू बोला.

पण सूचना दिलेली होती ना! मी दोघींना घेऊन धावत इंडिया गेट गाठलं. तिथे सुट्टीची ही गर्दी. पांढऱ्या टोप्या शोधाव्यात तर अर्ध्या महाराष्ट्रानं त्याच दिवशी दिल्ली बघायचं ठरवलेलं. तीन आजोबांना मी मागून खांद्याला धरून वळवलं. एक नांदेडचे निघाले. ते म्हणाले, "मीच हरवलोय, तुम्ही कोण?" त्यांना त्यांच्या माणसांत पोहोचवण्यात पंधरा मिनिटं गेली.

शेवटी मी शिट्टी फुंकली. जीव खाऊन फुंकली. नानांना ती ऐकू जाणार नाही हे मला माहीत होतं, पण दुसरं काय करायचं ते सुचेना. डोळे उघडले तर माझ्यासमोर निळ्या गणवेशातली चाळीसेक पोरं दोन रांगांत उभी, हात पुढच्याच्या खांद्यावर. त्यांच्या बाई लांबून तरातरा येत होत्या. मी त्या परक्या पोरांना विश्राम म्हटलं आणि तिथेच मटकन खाली बसलो. खरं सांगतो, मला रडू आलं.

ऋतुजा माझ्या शेजारी बसली. "पप्पा, तुम्ही नानांना नक्की काय सांगितलं होतं?"

"गेटवर या म्हणून."

"कुठल्या?"

"इंडिया गेट म्हणालो ना मी."

"पण नाना कधी इंडिया गेट म्हणतील?" ती म्हणाली. "नानांचं गेट एकच आहे."

इथे सुरतेबाहेरच्या माणसासाठी थांबायला हवं. आमच्या सुरतेत स्टेशनाजवळ दिल्ली गेट नावाचा चौक आहे. तिथे गेट वगैरे काही मला तरी कधी दिसलेलं नाही. रिक्षा आहेत, उड्डाणपूल आहे, आणि खानदेशातून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला 'तिथेच थांबा, घ्यायला येतो' असं सांगायची पद्धत आहे. नाना अठराव्या वर्षी गाडीतून उतरले, तेव्हा त्यांच्या मामांनीही हेच कळवलं होतं. मामांची कारखान्यातली पाळी लांबली आणि नाना सकाळपासून दिवेलागणीपर्यंत, पत्र्याची पेटी पायाशी ठेवून, त्या चौकात उभे राहिले. ही गोष्ट आम्ही शंभरदा ऐकली आहे. मोठ्या आवाजात.

ऋतुजानं मोबाइलवर शोधलं. दिल्लीतही एक दिल्ली गेट निघालं.

आम्ही रिक्षा पकडली. सुनंदानं माझा हात धरून ठेवला होता. तिथे नाना नसतील तर पुढे कुठे जायचं, हे तिघांपैकी कोणालाच माहीत नव्हतं.

नाना होते. रस्त्याच्या मधोमध दगडी दरवाजा, त्याला लोखंडी कठडा, आणि कठड्याला टेकून, टोपी सरळ करून, पायाशी पिशवी ठेवून नाना उभे होते. बसलेही नव्हते. रस्ता ओलांडताना दोन गाड्या माझ्यावर ओरडल्या. मी जवळ गेलो आणि काही बोलायच्या आत नानांनीच विचारलं:

"कोठे व्हता तू? जेवाना टाईम व्हई गया."

"नाना," मी म्हणालो, "न सांगता मागे का राहिलात?"

"सांगं व्हतं, मी माग दखस म्हनीसन," नाना म्हणाले. "हळू सांगं. तुले ऐकू नही उनं."

मी मान खाली घातली. मग नानांनाच माझी कीव आली असावी. त्यांनी वर दरवाजाकडे बोट दाखवलं. "दख. इतला वरीस दिल्ली गेट, दिल्ली गेट म्हनतस, आनि गेट आठे ठी देयेल शे." म्हणजे चौक सुरतेत आणि गेट मात्र इथे ठेवलेलं.

"भीती नाही वाटली तुम्हाला?" सुनंदानं विचारलं.

"काबरं वाटी? दिल्ली गेटवर उभं राहानं. कोनी ना कोनी लेवाले येसच. तवय मामा उना." नाना माझ्याकडे बघून हसले. "आते हाऊ उना."

तिथे भररस्त्यात मी त्यांना मिठी मारली. मोठा झाल्यापासून आमच्यात असलं काही होत नाही, त्यामुळे दोघांनाही हात कुठे ठेवायचे ते कळेना. मी त्यांच्या ज्या कानात माफी मागितली, तो कमी ऐकू येणारा होता, हे नंतर लक्षात आलं. मी दुसऱ्या कानात पुन्हा मागितली.

वेळापत्रक मी तिथल्याच कचरापेटीत टाकलं आणि दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा त्याच संग्रहालयात गेलो, फक्त त्या मागासाठी. नाना पुटपुटल्यासारखे सांगू लागले. मी म्हणालो, "नाना, मोठ्यानं सांगा. माले ऐकू येत नही." (माझी अहिराणी इतकीच शुद्ध आहे.) मग नाना सुटले. धोटा, ताणा, बाणा, आजोबांचा माग, सगळं आलं. वीसेक माणसं जमली.

एवढ्या आवाजानं सुरक्षारक्षक आलाच. त्यानं आधी नानांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. त्याची नजर खाली माझ्या हातावर गेली. सत्तेचाळीस वर्षांचा, चष्मा लावलेला मी, आणि माझं मनगट नानांनी सकाळपासून घट्ट धरून ठेवलेलं. रक्षक काही विचारायच्या आत नानांनीच त्याला, अख्ख्या दालनाला ऐकू जाईल अशा हिंदीत, समजावलं:

"लडका है मेरा. मास्तर है. कल खो गया था."