मास्तरांनी न घेतलेलं माप

आमच्या शेजारी एक शिंपी राहतात. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. त्यांच्यावर चार ओळी लिहा, असा हट्ट त्यांच्या नातीने धरला. मला लिहिण्याची सवय नाही. काही चुकलं तर तिला बोलावं.

मास्तरांचा नियम एकच: दोनदा मापल्याशिवाय कात्री लावायची नाही. वीस वर्षांच्या जुन्या गिऱ्हाइकालाही ते टेप घेऊन नव्याने उभं करतात. “माणूस बदलतो हो,” म्हणतात. अपवाद फक्त बायकोचा, म्हणजे आमच्या वहिनींचा. “तिचं माप मला पाठ आहे.” हे पाठांतर अडतीस वर्षांपूर्वीचं.

नात तीन वर्षांची असताना तिची आई, म्हणजे मास्तरांची लेक, गेली. जावयांनी परदेशात दुसरा संसार मांडला. पोर आजी-आजोबांकडे वाढली, पण शाळेच्या प्रत्येक कागदावर सही वडिलांची लागे. शेवटी मास्तरांनी तिला रीतसर दत्तक घ्यायचं ठरवलं. ज्यांचा ज्यांचा संबंध, त्या सगळ्यांची लेखी संमती आणि कोर्टात हजेरी लागेल, असं वकिलांनी बजावलं होतं. जावई चार दिवसांसाठी आले, त्यांनी सही केली. नात बारा वर्षांची, म्हणून तिलाही विचारलं. तिने बोटं मोजली.

“आजोबा, मी तुमची मुलगी झाले की आईची बहीण होणार. म्हणजे मी माझीच मावशी?”

“आधी सही कर. मग काय व्हायचं ते हो.”

कोर्टात साक्षीदार म्हणून मला नेलं, कारण मला नाही म्हणता येत नाही. जावयांचं विमान त्याच संध्याकाळी होतं. कारकुनाने कागद चाळले.

“पत्नीची संमती?”

“तिची कशाला? ती घरचीच आहे.”

“पण त्यांना विचारलंत का?”

बाही आखूड कापली गेल्यावर होतो तसा मास्तरांचा चेहरा झाला.

“अडतीस वर्षांत नाही विचारलं, ते आता विचारतील होय!” बाकावरून वहिनी म्हणाल्या.

कारकुनाने कोरा अर्ज पुढे केला. चारपर्यंत भरून आला नाही तर दोन महिन्यांनंतरची तारीख, आणि तेव्हा जावई कुठले इथे! वहिनींनी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.

“अगं, कर ना सही!”

“वाचू द्या. माणूस बदलतो, तुम्हीच म्हणता ना?”

“तुझी काही हरकत आहे का?”

“असं नाही. नीट विचारा.”

मास्तर उठून उभे राहिले, गिऱ्हाइकापुढे राहतात तसे. “आपण हिला आपली करून घ्यायची का गं?”

वहिनींनी चष्मा काढून पदराने पुसला.

“नऊ वर्षं हिच्या वेण्या घालतेय. माझी ती केव्हाच झालीय,” त्या म्हणाल्या. “पण विचारलंत, बरं वाटलं.” मग सही केली. “आणि घरी गेल्यावर माझं माप घ्या. दहा वर्षं ब्लाउज काखेत काचतोय.”

संध्याकाळी मास्तरांनी टेप धरला, नातीने आकडे लिहून घेतले. मी दारातच होतो.

“दोनदा मापलं हो,” मास्तर मला हळूच म्हणाले, “तरी पाठ होतं त्याहून जास्तच येतंय.”

“तिसऱ्यांदा मापाल,” वहिनी म्हणाल्या, “तर संमती परत घेईन.”