घोड्यांच्या मैदानातली एक फेरी

आमच्या ह्यांनी आयुष्यभर घोड्यांना गवत पुरवलं, पण घोडे पळतात ते मैदान कधी पाहिलं नव्हतं. डहाणूजवळ सरावलीला ह्यांची गवताची वखार होती. दिवाळीनंतर माळावरचं गवत कापून यायचं, दाबून गासड्या बांधायच्या, की चालल्या मुंबईच्या तबेल्यांत. अमुक घोडा शर्यत जिंकला असं पेपरात आलं की हे म्हणायचे, "आपलं गवत!" हरलेल्यांनी कुणाचं खाल्लं होतं, ते मी कधी विचारलं नाही. संसार करायचा होता ना.

मागे ह्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि आम्ही मुंबईत लेकीकडे राहिलो. डॉक्टर म्हणाले, "दमलात तर बसा, पण रेसकोर्सची एक फेरी पुरी करा, मग खुशाल डहाणूला जा." तिकडे देवीची जत्रा आठवड्यावर आलेली, ह्यांचा सगळा जीव तिकडे.

लेकीच्या घराजवळच ते जुनं रेसकोर्स. सकाळी अर्धी मुंबई तिथे चालायला येते. कानात वायरी घातलेली पोरं, हात वर करून खोटं खोटं हसणाऱ्या बायका, मालकाला फरफटत नेणारे कुत्रे. घोडे सरावाला निघाले की माणसांनी थांबायचं. ह्यांना तेवढं आवडलं. पण चालायचं म्हटलं की पन्नास पावलांवर, "घाण्याच्या बैलासारखं गोल काय फिरायचं? पोचायचं कुठे?" आणि परत फाटकाकडे. रोज हेच.

एका सकाळी ह्यांना राहवलं नाही. फाटकाजवळच कठड्याखालून हात घातला, मूठभर गवत उपटलं, पिळलं, हुंगलं, एक काडी चावली.

"ओ काका!" वॉचमन ओरडला. "गवत उपटायचं नाही!"

"उपटत नाय रे, पारखतोय. नुसतं दिसायला आहे हे. गासडी बांधलीस तर आठ दिवसांत कुजेल."

"काका, ते खायला नाही, पळायला आहे."

चालणारे हसले. ह्यांचे कान लाल. मूठ सदऱ्याच्या खिशात गेली.

"अहो, चला घरी," मी म्हटलं.

"त्याच्यासमोरून? छ्या! पुढे असेल दुसरं फाटक."

होतं की. लेकीनं मला दाखवलंही होतं. ते आलं तेव्हा मी ह्यांना दुसऱ्या बाजूचा पांढरा घोडा दाखवला. "आपलं गवत खाल्लेला दिसतो," म्हटलं. खुशीत पुढे निघाले. दोनदा बाकावर बसले, पाणी प्यायले, मुंबईला शिव्या दिल्या, पण चालले.

शेवटी फाटक दिसलं. फाटकात तोच वॉचमन.

"अगं, हे तर तेच!"

"मैदान गोल आहे हो," मी म्हटलं.

"काय काका, झाली फेरी?" वॉचमननं विचारलं.

ह्यांनी खिशातलं गवत काढून त्याच्या हातावर ठेवलं. "घे तुझं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बघतेस काय? डॉक्टरला फोन लाव."

जत्रेला आम्ही वेळेत पोचलो. तिथे भेटेल त्याला हे सांगत होते, मुंबईचं गवत काही खरं नाही.