बुजवलेली खाडी

लोधीपुरा मोहल्ल्यात मासे विकणाऱ्या एका बाईनं कामाला ठेवलं, म्हणून सातवीत शाळा सुटलेला मी बुरहानपुरात टिकलो. मासा ताजा आहे हे कळावं म्हणून न मागता ती गिऱ्हाइकाला त्याचे लाल कल्ले उघडून दाखवते.

कोकणात आमच्या खाडीतली तिवरांची झाडं तोडून बिल्डरनं मुरूम ओतला. बोय, जिताडा हे मासे, चिंबोऱ्या, सगळं मेलं. मासेमारी संपली म्हणून मी इतक्या लांब आलो, हे बाईला ठाऊक आहे.

परवा मासे घ्यायला आलेला एक केळीचा बागायतदार हसला, "समुद्रावरचा पोऱ्या अन् तळ्यातला रोहू कापून राह्यला! काकी, याला काढ, आपल्यातला ठेव."

काम गेलंच, वाटलं.

बाई कडाडली, "उद्या तुह्या केळीत कोणी मुरूम टाकला, तर असाच हसशील का रे?"

तो निघून गेला. बिल्डरवरचा माझा राग मात्र गेला नाही.

मामाच्या गावची खाडी अजून शाबूत आहे. तीही कोणी बुजवायच्या आत बाईला तिथं नेईन, होडीत बसवीन आणि चिखलावर उड्या मारणारे निवटे मासे दाखवीन.