न वाढलेल्या ताटाची घरपट्टी

धोंडीराम गांगुर्डे गुरुजींचं अक्षर असं होतं, की त्यांनी लिहिलेला अर्ज केराच्या टोपलीत टाकायच्या आधी कचेरीतला कारकूनसुद्धा एकदा वाचायचा. गुरुजी नगरपालिकेच्या शाळेत मास्तर. राहायला रावजी तांबटाच्या माडीखाली दोन खोल्यांत, भाड्यानं. रविवारी सकाळी ते ओट्यावर पाट टाकून बसले, की अख्खी गल्ली कोरे कागद घेऊन हजर. कुणाचं रेशनकार्ड, कुणाचा नळ, कुणाच्या मेव्हण्याची बदली. एकदा तर एकाच भांडणातल्या दोन्ही बाजूंच्या तक्रारी गुरुजींनी एकाच सकाळी लिहून दिल्या. म्हणे फौजदारानं पहिली वाचली तेव्हा एकाचं खरं वाटलं, दुसरी वाचली तेव्हा दुसऱ्याचं, आणि शेवटी त्यानं दोघांनाही चहा पाजून घरी पाठवलं.

पैसे घेत नसत. चहा घेत. तो रावजीच्या माडीवरून आला तर त्यात साखर शोधावी लागे, म्हणून गुरुजींची बायको लंकाबाई तो घरात नेऊन पुन्हा उकळी आणायची आणि रावजीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत परत आणायची.

हे लिहिण्याचं खूळ गुरुजींना बापापासून लागलं. बाप सिन्नरकडचा, अंगठाबहाद्दर. घरामागच्या जागेची तक्रार करायला तो तालुक्याला गेला, सांगितलं एक, लिहिणाऱ्यानं लिहिलं भलतंच. अंगठा उठला आणि जागा गेली. म्हातारा मरेपर्यंत आपला अंगठा उलटासुलटा करून बघत असे. तेव्हा गुरुजींनी दोन नियम बांधून घेतले. ज्याला लिहिता येत नाही त्याला नाही म्हणायचं नाही. आणि तो सांगेल तेच लिहायचं, आपलं मन त्यात घालायचं नाही. लंकाबाईचं म्हणणं, एवढे नियम कोर्टातल्या वकिलालाही नसतात, म्हणूनच वकिलाची माडी होते आणि आपण माडीखाली राहतो.

आता शाळेचं सांगायला हवं. नगरपालिकेच्या दप्तरात तिला काहीतरी नंबर होता, पण लोक तिला मोरीवरची शाळा म्हणत. झाकलेल्या गटारावर बांधलेल्या दोन खोल्या. पावसाळ्यात पाढे म्हणताना पोरं नाक धरत, त्यामुळे बे दुणे चार गेंगाणं ऐकू येई. मास्तर दोन, मुख्याध्यापक गुरुजीच. पोरं बहात्तर, त्यांत पोरी जास्त, कारण गल्लीतले लोक मुलाला जरा बऱ्या शाळेत घालत आणि मुलीला मोरीवर. या पोरीसुद्धा आपल्या पायानं आलेल्या नव्हत्या. अर्धी वस्ती बिड्या वळणारी. गुरुजींनी दारोदार जाऊन, तंबाखूच्या सुपासमोरून एकेक उठवून आणली होती. एकीच्या आईनं त्यांच्या अंगावर सूप रिकामं केलं होतं, तो सदरा आठ दिवस शिंकत होता.

सत्त्याहत्तर साल संपता संपता जागेचा मालक, येवल्याचा एक सावकारी थाटाचा माणूस, कोर्टात जिंकला. एप्रिलअखेर खोल्या रिकाम्या करायच्या. गल्लीमागं शाळेसाठी राखून ठेवलेला तुकडा होता, त्यावर तूर्त गाढवं शिकत होती. बांधायला पैसा नव्हता. मग नगरपालिकेत ठराव आला, की घरपट्टी थोडी वाढवायची आणि वाढीव पैसा नुसत्या शाळांच्या खोल्यांना लावायचा. यादीत पहिलं नाव मोरीवरच्या शाळेचं. वाढ नाही झाली, तर शाळा आग्रा रोडच्या पलीकडच्या शाळेत मिसळायची. आग्रा रोडवर ट्रक असे सुटायचे, की म्हातारी माणसं कडेला उभी राहून आधी नवस बोलत आणि मग पाऊल टाकत. सात वर्षांच्या पोरी तो रस्ता ओलांडून शाळेला जातील, असं गल्लीत एकालाही वाटत नव्हतं. त्या कुठं जातील हेही सगळ्यांना ठाऊक होतं. सूप घरातच होतं.

कायद्याप्रमाणं महिनाभर हरकती मागवल्या. आणि गल्लीच्या पारावर रोज संध्याकाळी सभा भरू लागली. रावजी तांबट म्हणाला, माझी नातवंडं सायकलरिक्षानं कॉन्व्हेंटला जातात, मी मोरीचा खर्च का उचलू? पुंजा शिंपी म्हणाला, माझी पोरं शिकून मोकळी झाली, आता मी दुसऱ्यांची शिकवू होय? मोतीराम घड्याळजीला मूलच नव्हतं. तो म्हणाला, या हिशेबानं तर नगरपालिकेनं मला मागचेच पैसे परत करायला हवेत. कुणीतरी म्हणालं, सिंहस्थ तोंडावर आलाय, वाढीव पैसा साधूंच्या रस्त्यात जाईल आणि पोरं पुढच्या सिंहस्थापर्यंत मोरीवरच बसतील. हे मात्र सगळ्यांना पटलं. न झालेल्या चोरीवर गल्लीचं एकमत चटकन व्हायचं.

गुरुजीही एका संध्याकाळी पारावर उभे राहिले. वाढ महिन्याला किती, तर दोन बिडीबंडलांची. तेवढ्यात एक भिंत उभी राहते. शांतपणे, फळ्यावर मांडावं तसं मांडलं. लोकांनी मन लावून ऐकलं. पुंजा शिंप्याच्या डोळ्यांत पाणी आलं. घड्याळजी म्हणाला, गुरुजी, तुमच्यासारखा बोलणारा माणूस गल्लीत आहे हे आमचं भाग्य. गुरुजी त्या दिवशी दोन भाकरी जास्त जेवले. त्यांना वाटलं, झालं काम.

रविवारी पाट टाकून बसले, तर रांग ओट्यावरून गटारापर्यंत. पहिला नंबर डोळ्यांत पाणी आलेल्या पुंजा शिंप्याचा. गुरुजी, हरकत लिहून द्या.

गुरुजींनी त्याच्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. पुंजा पार ओशाळला. म्हणाला, तुमचं बोलणं बरोबरच होतं हो, पण ते मास्तर म्हणून. आता तुम्ही अर्जवाले. गुरुजींनी दौत उघडली.

लंकाबाई आतून ऐकत होती. ती भांडी आपटत बाहेर आली आणि सगळ्या रांगेदेखत म्हणाली, "कुऱ्हाडीचा दांडा गोताला काळ म्हणतात. तो आपल्याच ओट्यावर पाट टाकून बसतो हे मला माहीत नव्हतं."

"अगं, त्यांना लिहिता येत नाही."

"वाढ नको हे बरं सांगता येतं."

गुरुजी म्हणाले, हरकत घेणं हा त्यांचा हक्क आहे. सुनावणीला मी उभा राहून माझं म्हणणं मांडीन. सांगेल तसं लिहायचं, आपलं मन घालायचं नाही. आणि त्यांनी खरोखरच मन घातलं नाही. ‘वाढ परवडत नाही, तरी रद्द व्हावी.’ एका ओळीचे मिळमिळीत अर्ज. अकरा लिहिले. मनातून त्यांना बरंही वाटत असावं, की असल्या अर्जांना कोण विचारतो.

बारावी आली आक्काबाई. घोटीकडची, नवऱ्यामागं नात घेऊन बिड्यांवर दिवस काढणारी. नात कला तिसरीत, गुरुजींची लाडकी. वर्गात कुणी पाहुणा आला की गुरुजी तिलाच उभी करून धडा वाचायला सांगत. आक्काबाईचं घर म्हणजे एक खोली आणि अर्धा ओटा, पण घरपट्टी तिच्या नावावर.

गुरुजींनी लेखणी खाली ठेवली. त्या दिवशी पहिल्यांदाच.

"आक्का, ही हरकत मानली गेली तर कलाची शाळा जाईल."

आक्काबाई हसली. तिला ते बोलणंच पोरकट वाटलं. "तुमी हायेत ना गुरुजी. तुमी असल्यावर शाळा कुठं जाती?"

"मी नोकर आहे, आक्का. शाळा भिंतीनं राहते."

"मग लिवा काय ते. समद्यांनी अर्ज दिला न् मी नाय दिला तर उद्या मला एकलीलाच पट्टी लावतील. आन् चांगलं लिवा. माझ्याकडं द्यायला लय नाय, म्हणून चांगलं लिवा."

इथं घोटाळा झाला. एका ओळीचा अर्ज आक्काबाईला द्यायला त्यांचा हात उठेना. आजीबरोबर आलेली कला त्यांच्या पुढ्यात बसून अक्षरं वळताना बघत होती, तिच्यासमोर मिळमिळीत लिहवेना. त्यांनी क्षणभर डोळे मिटले आणि लिहिलं: ‘ज्या गल्लीतील शाळा आज गटारावर भरते, त्या गल्लीकडून शाळेसाठी जादा घरपट्टी मागणे म्हणजे न वाढलेल्या ताटाचे पैसे मागणे होय.’ लिहून झाल्यावर गुरुजींनी ते दोनदा वाचलं. कशाला लपवा, त्यांना ते आवडलं. माणसाला आपलं अपत्य आणि आपलं वाक्य वाईट दिसत नाही.

आक्काबाईनं ते कलाकडून वाचून घेतलं आणि रांगेतून जाता जाता सगळ्यांना ऐकवलं. मग काय, तेराव्यानं बसायच्या आधीच मागणी केली, आक्काला घातलंत ते ताटाचं वाक्य मलाही घाला. ज्यांचे अर्ज लिहून झाले होते तेही कागद घेऊन परत आले. माडीवरून रावजी उतरला. त्याला लिहिता चांगलं येत होतं, पण तो म्हणाला, तुमच्या अक्षरात शोभतं. आक्काला दिलं ते दुसऱ्याला कसं नाही द्यायचं, असं गुरुजींना वाटे. बिडीवाल्या दोन गल्ल्या पलीकडून आल्या. शेवटची तारीख येईपर्यंत गुरुजींच्या बोटांची शाई निघाली नाही, आणि आता गल्लीत एकही घर बिनहरकतीचं राहिलं नव्हतं.

सुनावणीला गुरुजी किरकोळ रजा टाकून, इस्त्रीचा सदरा घालून गेले. खिशात भाषणाचे मुद्दे. सभागृह भरलेलं, पंखे फिरतात की नाही याची खात्री करावी इतके सावकाश. त्यांची पाळी आली तशी खुर्चीवरच्या साहेबांनी अदबीनं विचारलं, घरपट्टी आपल्या नावावर आहे का? गुरुजी म्हणाले, नाही, मी भाडेकरू. मग आपली हरकत कशी? माझी हरकत नाही, गुरुजी म्हणाले, माझा पाठिंबा आहे, वाढ व्हावी म्हणून मी आलोय.

साहेबांनी समोरचा गठ्ठा ओढला. एक अर्ज उचलला, दुसरा, पाचवा, विसावा. चष्मा वर केला.

"गुरुजी, हे अक्षर कुणाचं?"

"माझं."

"सगळे?"

"त्यांना लिहिता येत नाही, साहेब. अक्षर माझं, म्हणणं त्यांचं."

साहेबांनी ताटाचं वाक्य मोठ्यानं वाचलं. सभागृहात टाळ्या पडल्या. मागं बसलेला रावजी तर उभा राहून वाजवत होता. टाळ्या थांबल्यावर साहेबांनी विचारलं, "हेही त्यांचंच?"

गुरुजींना खोटं बोलायची सवय नव्हती, आणि खरं बोलावं तर आक्काबाईचा अर्ज खोटा ठरत होता. ती तिथंच, पहिल्या रांगेत, डोक्यावर पदर घेऊन कौतुकानं त्यांच्याकडे बघत बसली होती. गुरुजींनी खिशातले मुद्दे चाचपले आणि खाली बसले. कुणीतरी म्हणालं, ज्या शाळेचे मास्तरच इतकं चांगलं लिहितात तिला भिंती कशाला हव्यात. हशा झाला. तासाभरात वाढीचा ठराव मागं घेतला गेला, आणि मंडळी आनंदानं, नदीवरची हवा खात, घरी परतली.

संध्याकाळी रावजीनं गल्लीत पेढे वाटले. पहिला पेढा गुरुजींना. "तुमच्यामुळं झालं, गुरुजी," म्हणाला, आणि तो मनापासून म्हणाला. गुरुजींना नाही म्हणता आलं नाही. त्यांनी पेढा खाल्ला. लंकाबाईनं तिचा घेतला नाही, दारातल्या कोंबडीपुढं टाकला. आठ दिवस ती काही बोलली नाही. तिचं हे न बोलणं गल्लीला तिच्या टोमण्यांपेक्षा जास्त खुपलं. दुसऱ्या रविवारी ओट्यावर जेमतेम तिघं आले.

एप्रिलअखेर मोरीवरच्या खोल्यांना येवलेकराचं कुलूप लागलं. फळे आणि सतरंज्या हातगाडीवर घालून आग्रा रोडपलीकडे गेल्या. हातगाडीला रस्ता ओलांडायला पाव तास लागला. मागोमाग जी पोरं गेली ती बहुतेक मुलंच. बाकीच्यांना दाखले द्यायचे होते, आणि ते मुख्याध्यापक म्हणून गुरुजींनाच लिहायचे होते. बसायला जागा नव्हती, तेव्हा घरच्या ओट्यावरच.

आक्काबाई कलाला घेऊन आली. कला कोपऱ्यात उभी, नखांखाली तंबाखूचा पिवळा रंग. तिसरीचा निकाल लागला होता, पोरगी पहिली आली होती. गुरुजींनी नाव, जन्मतारीख, प्रगती, वर्तणूक भरली. शेवटच्या रकान्याशी थांबले. शाळा सोडण्याचे कारण.

"आक्का, इथं काय लिहू?"

आक्काबाईनं विचार केला. तिला खरंच सुचेना. "तुमाला बरं दिसंल ते लिवा. तुमी चांगलं लिवता."

आतून लंकाबाई दाराशी येऊन उभी राहिली होती. शेवटी गुरुजींनी रिवाजाप्रमाणं लिहिलं: ‘पालकांच्या विनंतीवरून.’ फुंकर मारून शाई वाळवली आणि कागद पुढं केला.

आक्काबाईनं तो आधी कलाच्या हातात दिला. वाच म्हणाली, काय लिवलंय बघू. कला उजेडाकडे सरकली आणि नाव, गाव, तारखेसकट सगळा दाखला तिनं एकदाही न अडखळता वाचून दाखवला. मग आक्काबाईनं तो घडी घालून पदराला बांधला, आणि चल म्हणाली, सूप तसंच टाकून आलोय.