अनोळखी नंबर बंद

कवठे येमाईच्या स्टँडसमोर प्रतिभाचं मोबाइलचं दुकान आहे. तरणी पोरं कव्हरं घ्यायला येतात, म्हातारी माणसं सेटिंगला. कुणाची अक्षरं मोठी करून दे, कुणाच्या रिंगचा आवाज वाढव.

भामाबाई आली ती वैतागून. लोनवाले, लॉटरीवाले दिवसभर फोन करून पिडत होते. प्रतिभानं सेटिंगमध्ये जाऊन अनोळखी नंबर बंद केले.

"आता नाव सेव्ह हाय त्याचाच फोन वाजंल, मावशी. निवांत ऱ्हावा."

फोन इतका निवांत झाला की आठवड्यानं भामाबाई परत आली.

"पोरी, बिघडला का काय बघ. ह्यांचा फोनच न्हाई."

तिचा नवरा हरिबा मेंढरं घेऊन दौंडकडं गेलेला.

"आबांनी तिकडं दुसरी केली आसंल," प्रतिभा हसली.

"मेंढरांच्या वासात कोण नांदंल माज्याबिगार?"

"बरं, नंबर सांगा त्यांचा."

"त्यांच्याकडं कुठला आलाय फोन? ज्याच्या वावरात मेंढरं बसवत्यात, त्याच्याच फोनवरनं बोलत्यात."

प्रतिभाचा हात थांबला. तिचा सासराही मेंढकाच. लेंडीखतासाठी आज ह्याच्या शेतात कळप बसवायचा, दोन रातींनी त्याच्या. शेत बदललं की मालक बदलतो, आणि घरी येणारा नंबरही. हे तिला ठाऊक असूनही त्या दिवशी सुचलं नव्हतं.

तिनं अडवलेले फोन उघडले. शेवटचा नंबर कालचा, पुन्हापुन्हा लावलेला. तिनं स्पीकरवर लावला.

"हरिबाआबांच्या घरून का?" पलीकडं शेतकरी होता. "काल त्यांना दौंडच्या दवाखान्यात नेलंय. अर्धं अंग गेलं. घरी लाव, घरी लाव म्हणत व्हते. लई येळा लावला, लागंच ना."

"आन् आता?" भामाबाईनं विचारलं.

"आता बोलत न्हाईत, मावशी. मेंढरं हायेत माज्याकडं, त्याची काळजी नगं."

भामाबाई फक्त म्हणाली, "काय सांगायचं आसंल गं त्यांना?"

प्रतिभानं शटर ओढलं आणि तिला गाडीवर घेऊन दौंड गाठलं. हरिबानं बायकोला ओळखलं. ओठ हलले, शब्द फुटला नाही. भामाबाई त्याच्या तोंडाशी कान नेऊन बसून राहिली.

हरिबाची वाचा अजून आलेली नाही. अनोळखी नंबर बंद करा म्हणून कुणी आलं, तर प्रतिभा आधी विचारते, "घरचं कोण भाईर हाय? ते कुणाच्या फोनवरनं बोलतंय?"

"तुला कशाला गं एवढी चौकशी?" गिऱ्हाईक म्हणतं.

ती उत्तर येईपर्यंत फोन तसाच हातात धरून उभी राहते.