ओठांचा डावा कोपरा

संग्रहालयाच्या तळघरात तिला सगळे ‘कवटीताई’ म्हणत. जमिनीतून निघालेल्या आदिमानवांच्या कवट्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती तिच्याकडे येत. त्यांवर थरावर थर मेण चढवून त्या माणसाला पुन्हा चेहरा देणे, हे तिचे काम. जबडा किती रुंद, गाल किती भरलेले, हे हाड स्वतःच सांगते. ओठ, कान, नाकाचा शेंडा यांविषयी मात्र ते मूग गिळून बसते. तिथे हाताला अंदाजाने जावे लागते, आणि अंदाजाने जाणारा हात ओळखीच्या वाटेला लागतो. घडवणाऱ्याचाच चेहरा त्याच्या नकळत मेणात उतरावा, हे या धंद्यातले जुने दुखणे. म्हणून तिच्या टेबलावर एक आरसा असे. काम संपत आले की ती आधी आरशात बघे, मग मेणाकडे. आणि स्वतःचे काही तिथे सापडले की खरवडून टाके.

घरी ती एकटीच. एका खोलीत पलंग, शेगडी आणि वडिलांनी केलेल्या दोन खुर्च्या. दुसऱ्या खुर्चीवर धुतलेले कपडे पडलेले असत.

वडील सुतार. प्रार्थनागृहात दर आठवड्याला प्रवचनही तेच करीत; माणूस देवाने आपल्या हाताने घडवला, ही त्यांची श्रद्धा. तिने ही नोकरी धरली, तेव्हा जेवताना ते म्हणाले होते, “लाकूड आपणहून खुर्ची होत नाही. कुणीतरी रंधा धरावा लागतो.”

“पण बी आपणहून झाड होतं ना, बाबा?”

भाऊ फिसकन हसला, आणि ते हसणेच वडिलांच्या जिव्हारी लागले. त्यांनी ताट सरकवले. त्या दिवसापासून त्यांनी तिच्याशी बोलणे टाकले. ती वेगळी राहू लागली. तिचा वाद देवाशी नव्हताच. झोपताना तिचे हात अजूनही जोडले जात. पण हे सांगावे कुणाला, आणि कसे? वडिलांची खुशाली भावजयीच्या फोनवरून कळे, तेवढीच.

अशात खडीच्या खाणीत एक कवटी सापडली. बरीचशी शाबूत, फार प्राचीन. वर्तमानपत्रांत तिचे छायाचित्र आले, आणि प्रार्थनागृहात त्या कवटीविरुद्ध वडिलांचे प्रवचन झाले. तिचा चेहरा घडवण्याचे काम अर्थातच तळघरात आले. प्रदर्शन उघडल्यावर भावजयीचा फोन आला.

“वन्सं, ऐकताय ना? मामंजी तुमचं प्रदर्शन बघायला येणारेत.”

“काय सांगतेस!”

“ज्याला नावं ठेवायची ते आधी डोळ्यांनी बघावं, म्हणतात. पण शर्ट इस्त्रीला टाकलाय हो. नुसतं भांडायला कुणी इस्त्रीचा शर्ट घालतं का?”

घरी आल्यावर तिने दुसऱ्या खुर्चीवरचे कपडे उचलून ठेवले.

वडील आले ते काठी टेकत. तिच्याकडे त्यांनी पाहिले नाही, पण ती शेजारी उभी राहिली तर दूरही झाले नाहीत. कवटीपुढे ते बराच वेळ थांबले. फलक ओठ हलवत वाचला. मग मेणाच्या चेहऱ्यापुढे आले आणि त्यांचा हात हळूहळू स्वतःच्या तोंडाकडे गेला.

“चांगला सूड उगवलास,” ते म्हणाले, आणि आल्या वाटेने चालते झाले.

तिने चेहऱ्याकडे नीट पाहिले. जन्मभर तोंडात खिळे धरून वडिलांच्या ओठांचा डावा कोपरा आत ओढला गेला होता. तोच कोपरा, तसाच, तिने त्या आदिमानवाला दिला होता. आरशाने तिला सावध केले नव्हते. करणार तरी कसा? ती रूपाने आईवर गेली होती.

विभागप्रमुख बाईंना तिने सांगितले, की ओठ बदलायचा आहे.

“अहो, छान जमलाय! ओठ तसा नसेलच, असं तरी कुठे सिद्ध होतंय?”

“नाही होत, बाई. पण तो मी हाडात पाहिलेला नाही. कुठे पाहिलाय, ते मला ठाऊक आहे.”

सुट्टीच्या दिवशी काचपेटी उघडून तिने चेहरा तळघरात आणला. पाते गरम केले. आजवर तिने अशी कितीतरी नाके, कितीतरी कान बिनदिक्कत उतरवले होते. आज पाते मेणाला लागेना. त्या घरातून निघाल्यापासून हा कोपरा तिने इतक्या जवळून पाहिला नव्हता, पण या चेहऱ्यावर काम करताना नकळत रोज पाहत होती. शेवटी तिने तो उतरवला. नवा ओठ सरळ केला, साधा.

मग तिथूनच वडिलांच्या घरी फोन लावला. भावजयीने तो मुकाट्याने सासऱ्यांच्या हातात दिला.

“बाबा, मी मुद्दाम नव्हतं केलं. हात आपोआप गेला.”

पलीकडे नुसता श्वास.

“तो ओठ मी काढून टाकला.”

“काढलास?”

“हो.”

“मग आता कुणासारखा दिसतो?”

“कुणासारखाच नाही.”

मग घसा खाकरून ते म्हणाले, “कोपरा मात्र बरोब्बर ओढला होतास.”

ती थांबून राहिली. ‘ये’ असे ते म्हणाले नाहीत. फोनही ठेवला नाही. पलीकडे कुणीतरी भांडे ठेवल्याचा आवाज झाला, खुर्ची करकरली, आणि पुन्हा तो श्वास. तिनेही फोन ठेवला नाही. पुढ्यातल्या फळीवर खरवडलेले मेण पडले होते. ते वितळवून पुन्हा डब्यात टाकायचे असते. तिने ते टाकले नाही.